तिथी बघा, मग खाडीवर पक्षी बघायला चला

महापे म्हटलं की लोकांना एमआयडीसीचे कारखाने, ट्रकांच्या रांगा आणि काचेच्या इमारती आठवतात. पण आमच्या पाठीशी पारसिकचा डोंगर आहे आणि पश्चिमेला, रिक्षाने जाता येईल इतक्या जवळ, ठाण्याची खाडी. थंडी पडली की या खाडीत परदेशचे पाहुणे उतरतात. त्यातला नेहमीपेक्षा वेगळा, क्वचित येणारा पाहुणा कसा शोधायचा, ते आज सांगते.

आधी एक सांगून टाकते. रोहित पक्षी, म्हणजे ज्यांना सगळे फ्लेमिंगो म्हणतात, ते इथे दुर्मीळ नाहीत. त्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. त्यांच्यासाठीच २०१५ साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा मान मिळाला. ऐरोलीला वन विभागाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून होडीने खाडीत नेतात. रोहित डोळे भरून बघा, पण तेवढं बघून परत फिरू नका.

पक्षी बघायला घड्याळापेक्षा पंचांग जास्त उपयोगी. आपल्या कोळणींना हे शिकवायला नको. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि अमावास्या-पुनवेला बाराच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. खाडीत आत पाणी पोचायला जरा उशीर होतो, तेवढा धरायचा. पूर्ण ओहोटीला गेलात तर चिखल मैलभर उघडा पडतो आणि पक्षी दूर ठिपक्यांसारखे दिसतात. पाणी चढायला लागलं की ते चरत चरत काठाकडे सरकतात. म्हणून भरतीच्या आधीचे दोन तास सोन्याचे. एकादशी ते त्रयोदशी भरती सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान येते. त्या दिवशी सहा-सातलाच पोचायचं. ऐरोलीच्या बाजूने बघताना सकाळचं ऊन आपल्या पाठीशी असतं, त्यामुळे रंग स्पष्ट दिसतात. एकादशीचा उपास असेल तर डब्याचीही कटकट नाही!

आता ओळख. वेगळा पक्षी हेरायचा तर रोजचे पक्षी पाठ हवेत. भाजी निवडताना पालकात आलेलं गवत हाताला आपोआप लागतं ना, तसंच हे. लाल काडीसारख्या लांब पायांचा काळा-पांढरा शेकाट्या सगळीकडे दिसतो. त्या थव्यात एखाद्याची चोच टोकाला वर वळलेली दिसली, की तो उचाट्या. ती चोच तो पाण्यात डावी-उजवीकडे फिरवतो. उलट, कोरल पक्ष्याची चोच खाली वाकलेली आणि इतकी लांब की खेकड्याच्या बिळात थेट आत जाते. कुरव तर फसवतोच. काळ्या डोक्याचा कुरव म्हणतात, पण हिवाळ्यात त्याचं डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त एक काळा ठिपका. फाल्गुनाच्या सुमारास, परतीच्या आधी, डोकं काळं व्हायला लागतं. आणि नशीब फारच जोरावर असेल तर पाणचिरा. त्याची खालची चोच वरच्यापेक्षा लांब, आणि उडता उडता ती पाण्यात बुडवून तो मासा टिपतो. चंबळच्या वाळवंटात अंडी घालणारा हा पक्षी कोकण किनाऱ्यावर क्वचितच येतो.

हे एवढेसे जीव येतात तरी कसे? पाणटिवळ्याच्याच जातभाईचं उदाहरण सांगते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अलास्काहून निघालेलं पाच महिन्यांचं एक पिल्लू अकरा दिवस कुठेही न उतरता १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला पोचलं. अंगातली चरबी हीच त्यांची शिदोरी.

म्हणूनच एक प्रश्न विचारायला हवा. भरतीला सगळा चिखल बुडतो, तेव्हा हे पक्षी बसतात कुठे? मिठागरांत, उरणच्या पाणज्यात, नेरुळच्या तळ्यांत. तिथे भराव पडला किंवा पाणी अडलं की त्यांना उडत राहावं लागतं, आणि शिदोरी वाटेतच संपते. नेरुळच्या डीपीएस तळ्यात खाडीचं पाणी येण्याची वाट २०२४ मध्ये बुजली होती. लोकांनी पाठपुरावा केला, आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने ते तळं संवर्धन राखीव करायला मान्यता दिली. २० मे २०२४ च्या रात्री तर घाटकोपरवर विमानाची धडक बसून जवळपास ४० रोहित मेले. तेव्हा विसाव्याच्या जागांची चर्चा घरोघरी झाली.

बचत गटांना यात कामही आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः वल्हं मारत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. तिवरांतली वाट, निवट्या, खेकडे यांची माहिती आपल्याला आहेच, फक्त पक्ष्यांची नावं जोडायची. देशावरच्या मैत्रिणींना भरती-ओहोटी नाही, पण नाशिककडे नांदूरमध्यमेश्वर आहे, थंडीत तिथे थापट्या आणि तलवार बदकं उतरतात. गावचा पाझर तलावही बघा.

गटात मिळून एक दुर्बीण घ्या, ८×४२ ची पुरते. कपडे मातकट रंगाचे घाला, ओढणी भडक नको. चिखलात उतरू नका, उधाणाच्या दिवशी तर मुळीच नको. वहीत तिथी, वेळ, जागा, किती पक्षी आणि चोच कशी, एवढं लिहा. नाव नाही कळलं तरी चालेल, चोचीचं चित्र काढा. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून चालू आहे, आणि त्यात कोणीही भाग घेऊ शकतं. पौषातल्या एकादशीची भरती आत्ताच काढून ठेवा.