तापात आकडी आली तर

रात्री ताप चढतो, पोराचे डोळे फिरतात, हातपाय झटके देऊ लागतात. घरातलं कुणीतरी कांदा फोडायला धावतं, कुणी चप्पल हुंगवतं. आकडी बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपसूक थांबते, श्रेय मात्र कांद्याला जातं!

६ महिने ते ५ वर्षं या वयात शंभरातल्या २ ते ५ मुलांना तापातली आकडी येते. साध्या आकडीने मेंदूला इजा होत नाही. साधारण तिघांतल्या एकाला ती पुन्हा येते. पॅरासिटामॉलने मुलाला बरं वाटतं, पण पुढची आकडी त्याने टळत नाही.

करायचं ते थोडंच. मूल कुशीवर वळवायचं, गळ्याजवळचं बटण सोडायचं, घड्याळ बघायचं. दातांत चमचा नको, तोंडात पाणी तर नकोच.

५ मिनिटं उलटली तर १०८ ला फोन. वारंवार आकडी येणाऱ्या मुलांसाठी डॉक्टर मिडॅझोलाम या आकडी थांबवणाऱ्या औषधाचा नाकात मारायचा फवारा घरी ठेवायला सांगतात; डोस वजनावर ठरतो. मान ताठ होणं, आकडी थांबूनही शुद्धीवर न येणं, ही मेंदूज्वराची लक्षणं असू शकतात. पहिलीच आकडी असेल, तर ती थांबली तरी मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. सोबत कुणी मोबाइलवर चित्रण केलं असेल, तर निदानाला त्याची मोठी मदत होते.