ट्रॉलीतली माणसे आणि विम्याचा कागद

संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा आणि कपाशीची वेचणी ही कामे आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात जवळजवळ एकाच वेळी येतात. सकाळी गावातून ट्रॅक्टर निघतो. ट्रॉलीत वीस-पंचवीस बायामाणसे आणि मडगार्डवर दोघे बसलेले असतात. संध्याकाळी तीच माणसे कापसाच्या गाठोड्यांवर बसून परत येतात. रविवारच्या मिस्सेलाही काही कुटुंबे अशीच येतात, त्यामुळे हे दृश्य आम्हांस नवे नाही.

गेल्या महिन्यात आम्ही काही घरी सहज विचारले, "ट्रॅक्टरचा विमा आहे का?" "आहे ना, फादर," म्हणत कागद पुढे आला. कागद खरा होता आणि मुदतीतलाही होता. पण ट्रॉलीचा उल्लेख त्यात कोठेच नव्हता, आणि आसनसंख्येच्या रकान्यात 'एक' हा आकडा होता. एक म्हणजे चालक. मागच्या वीस-पंचवीस जणांविषयी तो कागद गप्प होता.

म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, या वेळी खतपाण्याचा विषय बाजूला ठेवून विम्याबद्दल लिहीत आहोत.

रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनास, मग ती मोटारसायकल असो, कार असो की ट्रॅक्टर, एक विमा कायद्यानेच बंधनकारक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १४६ मध्ये तो सांगितला आहे. त्याला थर्ड पार्टी म्हणतात. पहिला पक्ष वाहनाचा मालक, दुसरा विमा कंपनी, आणि तिसरा म्हणजे आपल्या वाहनाने ज्याचे नुकसान झाले तो रस्त्यावरचा माणूस. तो मेला किंवा जखमी झाला तर न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई कंपनी देते, तिला रकमेची मर्यादा नाही. त्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी मात्र कार-ट्रॅक्टरला साडेसात लाखांची आणि दुचाकीला एक लाखाची मर्यादा आहे. हा विमा नसेल तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंड चार हजार. याचा हप्ता सरकार ठरवते. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात ७५ ते १५० सी.सी. मोटारसायकलीला तो वर्षाला ७१४ रुपये होता, कर वेगळा. एका पोते खताच्या हिशेबात बसणारी ही रक्कम वाचवून काय मिळवायचे, हे आम्हांस कधी उमगले नाही.

पण या विम्यात काय नाही, ते अधिक नीट ऐका. आपली स्वतःची मोडलेली गाडी यात नाही. गाडी चोरीला गेली, जळली, नाल्याच्या पुरात वाहून गेली, तरी एक पैसा मिळत नाही. आणि पुष्कळांना ठाऊक नसते ते असे, की मोटारसायकलीवर मागे बसलेली आपली पत्नीही यात येत नाही. केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर मागे बसलेल्याची भरपाई देण्यास कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवले आहे.

ट्रॅक्टर-ट्रॉलीची गोष्ट याहून कठीण आहे. ट्रॉली हे कायद्याच्या नजरेत स्वतंत्र वाहन आहे. तिची नोंदणी वेगळी आणि विम्याचा हप्ताही वेगळा. शिवाय ट्रॅक्टरच्या पॉलिसीत सहसा 'फक्त शेतीकामासाठी' असे लिहिलेले असते. २००७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असाच एक खटला आला होता. वीटभट्टीकडे माती नेणाऱ्या ट्रॉलीवरचा एक मजूर जबर जखमी झाला होता. न्यायालयाने म्हटले की विमा ट्रॅक्टरचा होता, तोही शेतीकामापुरता, आणि ट्रॉलीचा विमा नव्हताच, म्हणून कंपनीवर जबाबदारी येत नाही. मजूर गरीब, त्याचे हाल नकोत, म्हणून रक्कम आधी कंपनीने द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असा आदेश झाला. इतर काही खटल्यांत निकाल निराळेही लागले आहेत, पण त्या भरवशावर वीस माणसे ट्रॉलीत बसवणे बरे नव्हे.

मालकाकडून वसूल करणे म्हणजे काय, हेही पाहा. कलम १७४ प्रमाणे ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे वसुली सरळ सातबाऱ्यावर, आपल्याकडच्या भाषेत खसरा-खतौनीवर येते. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि कलेक्टर कचेरी जवळ आली, ती वसुलीलाही जवळच आली आहे.

तेव्हा ट्रॉलीचा विमा ट्रॅक्टरबरोबरच काढा आणि तिचा नोंदणी क्रमांक पॉलिसीत लिहिला आहे ना, ते पाहा. पगारी चालक असेल तर त्याच्यासाठीचा जादा हप्ता फार थोडा असतो, तोही भरा. पण हे सर्व केले म्हणून ट्रॉली ही प्रवासी गाडी होत नाही. मजूर आणायचे तर प्रवासी परवान्याची गाडी लावावी. खर्च जास्त होतो, हे आम्ही नाकारीत नाही.

नागपूरला संत्री घेऊन जाणाऱ्या पिकअपबद्दलही असेच. मालाचा धनी किंवा त्याने पाठवलेला माणूस मालाबरोबर केबिनमध्ये बसला तर त्याला १९९४ च्या दुरुस्तीपासून कायद्याचे संरक्षण आहे. वाटेत हात दाखवून बसलेल्या पाहुण्याला ते नाही.

आता ऐच्छिक विमा. लोक ज्याला 'फुल विमा' म्हणतात, त्याचे कागदावरचे नाव पॅकेज पॉलिसी. त्यात आपल्या गाडीचे नुकसान आणि चोरी येते, आणि कारमधील प्रवासी व दुचाकीवर मागे बसलेलाही येतो. गाडीची किंमत दरवर्षी घटवून धरतात, पाचव्या वर्षी ती निम्म्यावर येते. गाडी नवी असेल किंवा कर्जाची असेल तर हा विमा घ्यावा. पंधरा वर्षांच्या जुन्या गाडीला तो परवडत नाही, असे आमचे मत आहे. दावा केला नाही तर पुढच्या हप्त्यात वीस टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत सूट मिळते, मात्र मुदत संपून नव्वद दिवस उलटले की ती सूट बुडते.

मालक स्वतः चालवीत असताना दगावला तर पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो मालकालाच लागू होतो, आणि त्याच्याजवळ परवाना हवा. आपल्याकडे गाडी बापाच्या नावावर आणि चालवणारा मुलगा, असे घरोघरी आहे. अशा मुलासाठी वेगळा अपघात विमा काढावा लागतो.

अपघात झालाच तर प्रथम माणूस दवाखान्यात न्या, गाडीचे नंतर. मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या केंद्राच्या योजनेत नेमलेल्या दवाखान्यांत जखमीवर सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत विनापैसे उपचार होतात, तेव्हा पैशासाठी घरी धावण्यात वेळ घालवू नका. ११२ वर कळवा, पोलिसांत नोंद करा, गावात आपसांत मिटवू नका. धडक देणारी गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा.

ज्यांना आपला कागद वाचून घ्यायचा असेल त्यांनी येत्या दोन रविवारी मिस्सेनंतर आमच्याकडे यावे. येताना नोंदणीची दोन्ही पुस्तके आणावीत, ट्रॅक्टरचे आणि ट्रॉलीचेही.