सागुतीचा वाटा

महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत रानडुकराचा विषय काढला, की माणसे आधी नुकसानीचे बोलतात आणि मग आवाज थोडा खाली आणून चवीचे. या दोन तालुक्यांतल्या शेतीच्या जुन्या रीती मी गेली काही वर्षे टिपून ठेवतो आहे. शिकार त्यात मुद्दाम घेतली नव्हती, पण राखणीबद्दल विचारले की ती येतेच.

आश्विनात भाताचा दाणा भरला, की डुकरे रात्री खाचरांत उतरतात. खातात त्याहून तुडवतात जास्त. नाचणी, रताळी, सुरण, कणगर यांतले काही सोडत नाहीत. मादी चार महिन्यांच्या आतच विते आणि एका वेळी चार-सहा पिल्ले घालते. बिबट्या पिल्ले उचलतो, पण सुळेवाल्या नराच्या वाटेला सहसा जात नाही. त्यातच माणसे मुंबई-ठाण्याला गेली, उतारावरची वरकस जमीन पड राहिली, तिच्यावर झुडपे माजली. पूर्वी डुक्कर रानातून यायचे, आता रानच घराच्या पाठीमागे आले आहे.

यावर जुना उपाय म्हणजे पारध. मी ऐकलेली वर्णने १९७२ च्या आधीची आहेत आणि, खरे सांगायचे तर, काही नंतरचीही. पहाटे दोघे-तिघे माग काढत. खुरांचे ठसे, उकरलेली माती, चिखलात लोळल्याची जागा बघून कळप कुठल्या जाळीत बसला आहे ते ठरे. उठवलेले डुक्कर बहुधा नेहमीच्याच वाटेने निसटते, म्हणून ठासणीच्या बंदुका त्या वाटांवर बसत. बसणाऱ्याच्या अंगावरून वारा जाळीकडे जाता कामा नये. डुकराची नजर बेताची, नाक मात्र फार तिखट. उरलेला गाव डबे, आरोळ्या आणि कुत्री घेऊन वरून हाकारा करी. जखमी डुकरामागे एकट्याने जायचे नाही, हा नियम मोडलेल्या एकाच्या मांडीवरचा वण मी पाहिला आहे.

जनावर पडले, की पहिले काम आतडी न फोडता बाहेर काढण्याचे. मग भाताच्या पेंढ्याच्या जाळावर केस होरपळून, कोयत्याच्या पात्याने खरवडून, कातडीसकट तुकडे करायचे. अमेरिकेच्या ॲरिझोना-टेक्सासकडे हॅवेलिना नावाचा डुकरासारखा प्राणी आहे (कुळ वेगळे). त्याच्या पाठीवर मागच्या बाजूला गंधग्रंथी असते, आणि तिचा वास मांसाला लागू नये म्हणून तिथले शिकारी सोलताना फार जपतात. आपल्याकडे मांस बिघडते ते फुटलेल्या आतड्याने आणि उशिराने. काही घरांत ही सागुती आतल्या चुलीवर चढत नाही, अंगणात तीन दगड मांडून पुरुषच शिजवतात. आले, लसूण, लाल मिरची, भाजलेला कांदा, सुके खोबरे, शेवटी आमसूल. तेल नावाला, कारण चरबी सुटतेच. जून नराला तीन तासही पुरत नाहीत. घाई नको, यामागे चवीपलीकडचेही कारण आहे: अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातून कृमी आणि काविळीचा ई प्रकारचा विषाणू माणसात येऊ शकतो.

पण शिजवण्याआधी वाटे पडत. एका वाडीतली रीत अशी सांगितली गेली: बार टाकणाऱ्याला मुंडी आणि एक फरा, देवीचा वाटा, कुत्र्यांच्या धन्याला कुत्र्यांचा वाटा, मग हाकाऱ्याला आलेल्या प्रत्येक घराला सारखा. न आलेल्या विधवेच्या घरीही टोपली जाई. माझ्या मते सगळी पारध या वाट्यांवरच उभी होती. एका शेतातल्या भातासाठी चाळीस माणसे दिवसभर काट्यांतून धावत नाहीत, सागुतीसाठी धावतात.

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने हे बंद झाले, आणि ते योग्यच होते. भेकर, ससा, जे उठेल त्यावर बार पडत असे. पुढे नुकसानीच्या तक्रारी वाढल्यावर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने पिकात येणारे रानडुक्कर वनाधिकाऱ्याच्या परवानगीने मारण्याची मुभा दिली. मात्र कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार असे मारलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते. पंचनामा करून त्याची विल्हेवाट लावायची, घरी न्यायचे नाही. टेक्सासचा परवानाधारक आपली शिकार घरी नेतो. आपल्याकडे मारण्याची परवानगी मिळाली, वाट्याची नाही.

त्यामुळे अर्ज करायला फारसे कोणी जात नाही. चोरून काम चालते ते एकट्यादुकट्याचे आणि बिनआवाजाचे: तारेची फासकी, नाहीतर आमिषात लपवलेला गावठी बॉम्ब. फासकीला डुक्कर आणि बिबट्या यांतला फरक कळत नाही, बॉम्बला गाय आणि डुक्कर यांतला. पारधीत निदान बार टाकणारा समोर काय आहे ते बघत होता.

पोलादपूरकडच्या एका आबांना मी विचारले, तुमच्याकडे पीक-संरक्षणाचा परवाना आहे, मग अर्ज का करत नाही? ते म्हणाले, "मारीन मी एकला. पण उठवायला कोण येणार? खड्ड्यात पुरायच्या डुकरासाठी?" त्या रात्री ते माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवत होते. खालच्या खाचरातून डुकरांच्या गुरगुरण्याचा आवाज येत होता आणि डब्याने तो फारसा थांबत नव्हता.