बालकांचा यकृतविकार आणि शिरांमधील वाढता दाब

रक्तदाब म्हटला की आपल्याला वाढलेले वय व हृदयविकार आठवतो. परंतु यकृताच्या विकाराने पीडित बालकांमध्ये एक निराळाच रक्तदाब आढळतो. दंडाला पट्टा बांधून तो मोजता येत नाही. वैद्यकशास्त्रात त्यास 'पोर्टल हायपरटेन्शन' म्हणतात.

जठर, आतडी व प्लीहा म्हणजे पाणथरी यांतील रक्त पोर्टल शिरेवाटे यकृतात येते. यकृत कठीण झाले की ही वाट अडते, दाब वाढतो आणि रक्त आडवाटा शोधते. अन्ननलिकेतील बारीक शिरा फुगतात, प्लीहा वाढते, जलोदर होतो. फुगलेली शीर फुटल्यास रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे काळे शौच होते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता बालकास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे.

तेथे प्रथम रक्त व सलाईन देऊन प्रकृती स्थिर करतात. 'ऑक्ट्रिओटाइड' हे औषध शिरेवाटे देऊन दाब उतरवतात. नंतर दुर्बिणीद्वारे फुगलेल्या शिरांना रबरी कडी बांधतात. तान्ह्या बालकाच्या अरुंद अन्ननलिकेत हे उपकरण जात नाही; तेथे शिरेत इंजेक्शन देऊन ती बंद करतात. शिरा पुन्हा फुगू शकतात, म्हणून रक्तस्राव थांबला तरी नियमित तपासणी चुकवू नये.

या उपायांनी रक्तस्राव आटोक्यात येतो, मूळ आजार बरा होत नाही. यकृत निकामी होत असल्यास प्रत्यारोपण हाच मार्ग उरतो. बहुधा आई किंवा वडील आपल्या यकृताचा तुकडा देतात. दात्याचे उरलेले यकृत पुन्हा वाढते. भारतात बालकावरील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण 1998 साली दिल्लीत झाले.

त्या बालकास पित्तनलिका बंद असण्याचा जन्मजात आजार होता. बालकांच्या यकृतविकाराचे हे एक प्रमुख कारण होय. जन्मानंतर दोन आठवडे उलटूनही कावीळ टिकली आणि शौच खडूसारखे पांढुरके दिसले, तर विलंब करू नये. जपानी शल्यविशारद मोरिओ कासाई यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया 60 दिवसांच्या आत झाल्यास यशाची शक्यता अधिक असते.

पालकांनी आणखी दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. अशा मुलास अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. प्लीहा वाढलेली असल्यास पोटावर मार बसेल असे खेळ टाळावेत. शाळा मात्र बंद करू नये. योग्य देखरेखीखाली यांपैकी अनेक मुले शिकतात व मोठी होतात, हे आपण विसरू नये.