भरतीचा आकडा

जून उजाडला की पेपरात चौकट येते: अमुक तारखेला समुद्रात साडेचार मीटरच्या लाटा उसळणार. आमच्या सोसायटीतले एक काका ती वाचून नातवाला हमखास वरळी सीफेसवर घेऊन जातात. अहो काका, तो आकडा लाटेचा नाहीच! समुद्राच्या नकाशांसाठी अगदी खालच्या ओहोटीच्या आसपास एक शून्यरेषा धरलेली असते. भरतीचं पाणी तिच्यावर किती चढणार, एवढंच तो आकडा सांगतो. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच या रेषेच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.५ मीटरची भरती सरासरीपेक्षा दोन मीटर चढते, बस्स. लाटांचं गणित वाऱ्याचं, ते वेगळं. वारा पडलेला असेल तर एवढी मोठी भरतीही गुपचूप येऊन जाते.

कोकणात हर्णैला वडील पंचांग पाहून भरतीची वेळ काढायचे. तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला-अवसेला साधारण सव्वाअकरा. सव्वाबारा-साडेबारा तासांनी पुन्हा तीच भरती, आणि रोज पाऊण-एक तास उशीर, कारण चंद्रच तेवढा मागे पडतो. पुनवेला आणि अवसेला चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात, ते उधाण. अष्टमीला काटकोनात, तेव्हा भांग. उधाणाचा खरा जोर मात्र पुनवेनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो.

मुंबईला नडतो तो पाण्याचा हा चढ. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या कितीतरी जुन्या वाहिन्यांची तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत. समुद्र चढला की तो उलटा आत शिरू बघतो, म्हणून काही ठिकाणी तोंडाशी दारं पाडतात. मग आतला पाऊस जाणार कुठे? परळजवळच्या सखल हिंदमाताला. हाजीअली, लव्हग्रोव्हसारखी पंपिंग स्टेशनं पाणी उपसून समुद्रात टाकतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच दुपारी जवळजवळ साडेचार मीटरची भरती होती. कोरड्या दिवशी तीच भरती कोणाच्या लक्षातही आली नसती.

म्हणून मी आकड्यापेक्षा वेळ बघतो. पावसाची झड लागलेली, त्यात तृतीया, म्हणजे भरती सव्वादोनला. परळचं काम असेल तर अकराच्या आत उरकायचं, नाहीतर सरळ संध्याकाळी.