अडुळसा : पेण-रोह्याच्या भूमीतील सदाहरित वासा

कास, श्वास व रक्तपित्त यांच्या चिकित्सेत वासेचे स्थान व्यवसायबंधूंस नव्याने सांगण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो द्रव्याच्या अवस्थेचा. आर्द्र द्रव्य शुष्काच्या दुप्पट घ्यावे हा सामान्य नियम. परंतु वासा, गुडूची, कुटज, शतावरी आदी मोजकी द्रव्ये सदैव आर्द्रच योजावीत व तीही दुप्पट करू नयेत, असा शार्ङ्गधरसंहितेचा निर्देश आहे. असे असता बाजारातील वाळलेल्या पानांवर आपण का विसंबतो? त्या चुऱ्यात महारुखाच्या पानांची भेसळ होते, हे द्रव्यगुणाच्या अभ्यासकांस ज्ञात आहेच. महारुखाची पर्णिका दंतुर व तळाशी विषम असते, अडुळशाचे पान अखंड कडेचे व समोरासमोर येणारे. पण चुरा झाल्यावर ही ओळख डोळ्यांनी पटत नाही, सूक्ष्मदर्शकच हवा.

अडुळसा बारमाही हिरवा असल्याने ताजे पान केव्हाही मिळू शकते. मात्र जागा पारखावी लागते. धरमतर खाडीलगतचा पेणचा खारेपाट या झुडपास मानवत नाही. क्षार आणि साचलेले पाणी यांनी मुळे कुजतात. पेण व रोहा तालुक्यांतील डोंगरउताराची मुरमाड, निचऱ्याची जमीन त्यास उत्तम. कोकणातील तीन हजार मिलीमीटरच्या आसपासचा पाऊसही तेथे बाधत नाही, कारण पाणी थांबत नाही. विरळ सावलीही चालते.

बियांच्या नादी लागू नये. पक्व फांदीची वीतभर लांबीची, तीन-चार डोळ्यांची छाटे मृगाच्या पावसानंतर लावावीत; मीटरभर अंतर पुरे. शेळ्या-गुरे पानास सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून बागेची वई म्हणून लावल्यास निराळी राखण लागत नाही. उन्हाळ्यात अधूनमधून पाणी द्यावे. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या किंवा धाटावच्या कारखान्यांजवळच्या कुंपणावरील धूळभरली पाने औषधास घेऊ नयेत, हे आम्ही आग्रहाने सांगतो.

ताज्या पानातूनही नुसते कुटून रस फार थोडा निघतो. पुटपाक करूनच स्वरस काढावा. पानातील व्हॅसिसीन या अल्कलॉइडवरूनच पुढे ब्रोमहेक्झिन हे आधुनिक कफोत्सारक सिद्ध झाले. तेच व्हॅसिसीन गर्भाशयाचे आकुंचन करते. सबब गर्भिणीस वासाकल्प देणे टाळावे आणि औषधविक्रेत्यांनी विचारल्यावाचून बाटली हाती देऊ नये.