डफासारखी पायताणं

भाईंदर पश्चिमेला मुर्ध्याच्या पुढे, मिठागरं आणि खाडी यांच्या मधल्या खाजणात दहाव्या वर्षी मी मांडीपर्यंत रुतलो होतो. चेंडू तिवरांच्या कडेला गेला होता. जमीन वाळलेली दिसत होती, वर मिठाची पांढुरकी साय. तीन पावलं नीट पडली, चौथं खाली गेलं ते गेलंच. एक पाय उपसावा म्हणून दुसऱ्यावर भार दिला की दुसरा आणखी खाली. बांधावरून डोक्यावर पाटी घेऊन चाललेल्या एका आगरी काकूंनी ओरडून सांगितलं, "उबा नको राहू रं, आरवा पर!" मी पोटावर पडलो, हात पसरले आणि चिखलाने पाय सोडले. सरपटत बांधाला लागलो. उजव्या पायातली चप्पल तिथेच राहिली.

बत्तीस वर्षांनी, डिसेंबरात, हिमालयात केदारकंठाच्या वाटेवर जुडा का तालाबच्या वरच्या रानात ती हाक जशीच्या तशी आठवली. रात्रभर बर्फ पडला होता. पुढच्या लोकांनी तुडवलेली वाट सोडून मी फोटोसाठी चार हात बाजूला गेलो आणि पुन्हा मांडीपर्यंत आत. पायात महागडे जलरोधक बूट होते, त्यांवर मायक्रोस्पाइकच्या साखळ्या, पोटरीला गेटर. त्यातलं काहीच उपयोगी पडलं नाही. पाठीवरची सॅक काढून बर्फावर आडवी टाकली, तिच्यावर पोट टेकलं आणि बाहेर आलो. गाइडने हात दिला आणि सांगितलं, ताज्या बर्फात वाट सोडायची नाही. वाट सोडायची असेल तर काय करायचं, या प्रश्नाच्या मागे मी तेव्हापासून आहे.

दिवाळी आटोपली की मीरा रोड-भाईंदरमधली मुलं केदारकंठाच्या पायथ्याशी सांक्रीला जायची तयारी करू लागतात आणि मला विचारतात, बूट कोणते घेऊ? सह्याद्रीपुरतं उत्तर आपल्याकडे ठरलेलं आहे. ॲक्शन ट्रेकिंगचे साधे बूट घे, कातळाला धरतात. हिमालयाचं उत्तर मात्र आपण एव्हरेस्टकडे बघून देतो. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण शिखरावर पोचले, २०१२ साली पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची माणसं पोचली. त्या छायाचित्रांतून आपल्या मनात बर्फ म्हणजे क्रॅम्पॉन आणि आइस ॲक्स असं बसलं. ती हत्यारं कडक बर्फाची आहेत. साडेबारा हजार फुटांच्या केदारकंठाखालच्या रानात जानेवारीत पडतो तो भुसभुशीत, पिठासारखा बर्फ. त्याला दात लावून काय होणार? तिथे तळ पसरट हवा. थंडीसाठी घालायचे ते स्नो बूट, आणि त्या बुटांखाली बांधायची पसरट चौकट म्हणजे स्नोशू. दुकानातसुद्धा या दोन नावांचा घोळ होतो.

हिशेब सोपा आहे. माणूस आणि सॅक मिळून सत्तर किलो धरा. बुटाचा तळ साधारण अडीचशे चौरस सेंटिमीटर. एका पायावर उभं राहिलं की दर चौरस सेंटिमीटरला २८० ग्रॅम भार येतो. पंचवीस इंच लांब आणि आठ इंच रुंद स्नोशूचा तळ, कोपऱ्यांची गोलाई सोडली तरी, अकराशेच्या आसपास भरतो. भार ६५ ग्रॅमच्या खाली उतरतो. पाय तरीही थोडा रुततो, चार बोटं, कधी वीतभर. पण मांडी आत जात नाही. काकूंनी मला आडवं पाडून हेच केलं होतं.

मग आपल्या खाडीत अशी पायताणं का झाली नाहीत? मला वाटतं, चिखलाचा स्वभाव वेगळा आहे. बर्फात हवा असते, पाय उचलला की तो सुटतो. गाळ पसरट फळीला खालून ओढून धरतो. आपल्याकडच्या बाया म्हणूनच अनवाणी, पाऊल तिरपं काढत भराभर चालतात. जपानमधल्या आरिआके खाडीचे लोक मात्र फळीवर एक गुडघा टेकतात आणि दुसऱ्या पायाने गाळ रेटत घसरत जातात. त्यांना पकडायची असते ती आपल्या निवटीचीच बहीण. त्याच देशात शिझुओका इथे तोरो नावाच्या जुन्या गावठाणाच्या उत्खननात भातखाचरात घालायच्या लाकडी फळ्या निघाल्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराच्या. बर्फासाठी त्यांच्याकडे कांजिकी नावाची वाकवलेल्या काठीची गोल कडी आहेत. चिखल आणि बर्फ यांना एकाच घरातले भाऊ मानणारी माणसं मला तिथे भेटली.

अशा पायताणांचा लेखी पुरावा शोधत गेलो तेव्हा पहिला सापडला तो माणसाच्या पायाचा नव्हता, घोड्याच्या पायाचा होता. इ. स. पू. ४०१-४०० च्या हिवाळ्यात झेनोफन नावाचा ग्रीक सेनानी फौज घेऊन आर्मेनियाच्या डोंगरातून परत निघाला होता. तिथल्या एका गावच्या मुखियाने त्याला सांगितलं, बर्फातून घोडी न्यायची तर पायांना पिशव्या बांध, नाहीतर पोटापर्यंत रुततील. झेनोफनने हे दोन वाक्यांत टिपलं आणि तो पुढे गेला. मी त्या पानावर बराच काळ थांबलो, कारण त्यानंतर तेवीसशे वर्षांनी हाच सल्ला न मानल्याची किंमत माणसांनी मोजलेली मला माहीत होती.

१९११ च्या सुरुवातीला कॅप्टन स्कॉट अंटार्क्टिकात पुढच्या मोसमातल्या दक्षिण ध्रुवाच्या वाटचालीसाठी धान्यसाठे ठेवत होते. सामान ओढायला तट्टं होती आणि तट्टांसाठी बांबूच्या कड्यांचे स्नोशूही मुद्दाम आणलेले होते. तट्टांची जबाबदारी ओट्स यांच्याकडे. घोडा ओळखणारा, प्रामाणिक माणूस. पण या जोड्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. जोडे तळावरच राहिले, सोबत आला एकच संच. मऊ बर्फात तट्टं छातीपर्यंत रुतू लागली तेव्हा तो संच 'वेअरी विली' नावाच्या सर्वांत थकलेल्या तट्टाच्या पायांत चढवला, आणि ते भराभर चालू लागलं. बाकीचे जोडे आणायला कुत्र्यांची गाडी घेऊन दोघं मागे पाठवले, तोवर वाटेतला समुद्रावरचा बर्फ फुटून गेला होता. साठा ८० अंश अक्षांशावर ठेवायचा होता, तो ७९ अंश २९ मिनिटांवर ठेवावा लागला. वर्षभराने परतीच्या वाटेवर स्कॉट आणि त्यांचे दोन सोबती त्या साठ्याच्या अलीकडे अकरा मैलांवर तंबूत संपले. थंडी, वादळ, उपासमार, कारणं पुष्कळ होती. तरी तळावर राहिलेले ते जोडे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

माणसांच्या पायांकडे पोचायला मला स्ट्राबोपर्यंत यावं लागलं. काळ्या समुद्राजवळच्या आमासिया गावचा हा भूगोलकार, ऑगस्टसच्या काळातला. त्याच्या ग्रंथाच्या अकराव्या भागात कॉकेशसचं वर्णन आहे, आणि तिथे चार ओळींत त्याने डोंगरी लोकांची पायताणं सांगितली आहेत. बैलाच्या कच्च्या, न कमावलेल्या कातड्याची. रुंद. खाली काटे लावलेली. उतरताना ते लोक कातड्यावर बसून सामानासकट घसरत येत, हेही तो सांगतो. शेजारच्या आर्मेनियात काटे ठोकलेल्या लाकडी चकत्या बुटांखाली बांधत, ही आणखी एक नोंद.

त्या रुंद पायताणांना स्ट्राबो ज्याची उपमा देतो तो शब्द आहे तुम्पानोन. पुष्कळ जण ती निव्वळ आकाराची उपमा समजून पुढे जातात. मला ते पटत नाही. तुम्पानोन म्हणजे हाताने वाजवायचं, लाकडी कड्यावर कातडं ताणलेलं वाद्य, आपल्या डफाच्या जातीचं. वाघ्याच्या हातातली दिमडी डोळ्यांपुढे आणा. वाकवलेलं लाकूड, वर ओलं ताणून वाळवलेलं कातडं. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींचे स्नोशूही याच जोडणीचे, फरक इतकाच की तिथे अखंड कातड्याऐवजी कातड्याच्या वाद्यांची जाळी विणतात. स्ट्राबोने कड्याचा उल्लेख केलेला नाही, हे खरं. पण नुसतं कातडं पायाखाली रुंद राहत नाही, दुमडतं. कडं हवंच. हे माझं अनुमान आहे आणि मी ते सोडायला तयार नाही.

शिवाय त्याने कारणंही दोन दिली आहेत, भुसभुशीत बर्फ आणि गोठलेला कडक बर्फ. रुंदी पहिल्यासाठी, काटे दुसऱ्यासाठी. आज दुकानात मिळणाऱ्या प्रत्येक चांगल्या स्नोशूची हीच दोन कामं आहेत.

मधली शतकं भरभर ओलांडू. विसाव्या शतकात ही जुनी जोडणी तीव्र उतारावर कमी पडू लागली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या इलेन्सबर्गचे जीन आणि बिल प्रेटर हे भाऊ कॅस्केड डोंगरांत चढणारे. चामडी पट्ट्यांत पाय आडवा फिरतो, तिरप्या चढावर चौकट खाली घसरते, हा त्यांचा त्रास. त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळीची चौकट केली, जाळीऐवजी अखंड पडदा लावला, बोटांखाली धातूचा पंजा दिला आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाय पुढेमागे झुलेल पण आडवा वळणार नाही असा दांडीचा सांधा बसवला. 'शेर्पा' नावाने हे स्नोशू विकले गेले. जीन प्रेटरांचं 'स्नोशूइंग' हे पुस्तक १९७४ चं. पुढे १९९० च्या दशकात बिल फॉरेस्ट या गिर्यारोहकाने एकसंध प्लॅस्टिकचा तळ आणला. माझ्या मते प्रेटरांचा सांधा हीच या दोन हजार वर्षांतली खरी भर.

निवडायला निघालात तर आधी हा सांधा बघा. बूट अडकवून पाय उचला, चवडा नेमका दांडीवर यायला हवा आणि टाच आडवी हलता कामा नये. मापं साधारण २२, २५ आणि ३० इंची असतात. ती स्वतःच्या नव्हे, सॅकसकट वजनावर ठरवायची आणि कोरड्या पिठाळ बर्फासाठी एक माप वर जायचं. पण दाट झाडीत लांब चौकट फांद्यांत अडकते. अमेरिकेतल्या जुन्या कारागिरांना हे ठाऊक होतं, म्हणून रानासाठी अस्वलाच्या पंजासारखा आखूड गोल आकार आणि मोकळ्या मैदानासाठी दोन्ही टोकं निमुळती असलेला लांब. आपल्या लोकांची वाट देवदाराच्या रानातून आणि मग उघड्या उतारावर जाते. त्यांनी आखूडच घ्यावेत, आणि कडेने दातेरी पट्टी असलेले. गोल नळीची चौकट सपाटीला उत्तम, तिरक्या चालीत निसटते. टाचेखाली उभी करायची तारेची दांडी असेल तर चढावर पोटऱ्या वाचतात.

चालताना पाय जरा फाकून टाकायचे, म्हणजे एका चौकटीवर दुसरी पडत नाही. मागे पाऊल टाकायचं नाही. शेपटी बर्फात घुसते आणि माणूस पाठीवर पडतो. वळायचं तर लहान गोल घ्यायचा. चढावर चवडा ठोकून पंजा रुतवायचा, उतारावर गुडघे सैल आणि भार टाचेकडे. हातातल्या काठ्यांना तळाशी रुंद चकती हवी, नाहीतर काठी मुठीपर्यंत जाते. सांक्रीच्या तुडवलेल्या वाटेवर यातलं काही लागत नाही, तिथे मायक्रोस्पाइक पुरतात. आणि तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर हिमकडे कोसळण्याचा धोका सर्वांत जास्त. स्नोशू माणसाला तिथवर आरामात पोचवतात, हाच त्यांचा धोका. अशा उताराखालूनही जाऊ नये.

गेल्या हिवाळ्यात मी स्ट्राबोची पायताणं करून पाहिली. फुटके डफ दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडून दोन जुनी कडी घेतली, त्यांवर त्याच्याकडून कच्चं कातडं चढवून घेतलं, कड्याला खालून खिळे ठोकले. सांक्रीच्या वरच्या रानात वाट सोडून उतरलो. पहिला अर्धा तास मी बर्फावर चाललो, चार बोटंच रुतत होतो, आणि तो आनंद मला लिहिता येत नाही. मग ऊन आलं, बर्फ ओला झाला आणि कातडं सैलावून पोटासारखं खाली लोंबलं. स्ट्राबोने लिहिलंय की ते लोक हे जोडे उन्हाळ्यात घालून वर जात. उन्हाळ्यातला बर्फ तर याहून ओला. ते कातड्याला चरबी चोळत असतील का?

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी दोन्ही जोडे चुलीपाशी ठेवले. वाजवण्याआधी डफ शेकतात तसे थोड्या अंतरावर, वळवत वळवत. घरातली आजी बघत होती. तासाभराने तिने एक उचलला आणि बोटांनी टिचकी मारली. कातडं ताणलेलं होतं, नाद निघाला.